पियानोवरचा अंगठा

पियानोवर चार सप्तकांचे स्केल चढायचे तर एकोणतीस पट्ट्या लागतात आणि हाताला बोटे पाचच. बोटे संपली की हात उचलून पुढे ठेवावा, तर स्वरांची सलगता तुटते. म्हणून तिसऱ्या किंवा चौथ्या बोटाखालून अंगठा पुढच्या पट्टीवर आणायचा आणि बाकीची बोटे त्याच्यावरून पुढे न्यायची, अशी रीत पडली. मोझार्टच्या सोनाटांतल्या धावत्या ओळी असोत की शोपँच्या एत्यूद, सगळे या एका हालचालीवर उभे आहे. शिकणाऱ्याचा हात अडखळतोही नेमका इथेच. अंगठ्याच्या स्वरावर धक्का बसतो, कोपर बाहेर फेकले जाते आणि ओळ लंगडते.

यावर सर्रास मिळणारा सल्ला म्हणजे ‘अंगठा लवचीक करा, तो आत घालायचा सराव करा’. माझ्या मते हा सल्ला अर्धवट आहे. अंगठ्याचे बरेचसे काम त्याच्या मागचा हात पुढे सरकण्याने होते आणि उरलेले तो वेळेवर निघाल्याने होते. लवचीकपणाचा नंबर त्यानंतर लागतो.

पुढे बोटांचे आकडे येतील. दोन्ही हातांत अंगठा १, तर्जनी २, मधले बोट ३, अनामिका ४ आणि करंगळी ५. जुन्या इंग्रजी आवृत्त्या हाताशी असतील तर मात्र सावध राहा. त्यांत अंगठ्यासाठी अधिकचे चिन्ह असे आणि तर्जनीपासून १, २, ३, ४ मोजत.

## अंगठा वेगळा का

बाकीच्या बोटांना तीन पेरे, अंगठ्याला दोन. बाकीची बोटे तळव्याकडे वाकली की पट्टी आपोआप खाली जाते. अंगठा पट्टीवर आडवा पडलेला असतो. तो वाकवला तर तळव्याखाली सरकतो, पट्टी दाबली जात नाही. पट्टी दाबायला त्याला वेगळी हालचाल लागते. म्हणजे त्याच्याकडे कामे दोन, आडवे जाणे आणि खाली येणे. ही दोन्ही एकाच वेळी आणि घाईत करायची वेळ आली की तो ताठ होतो.

आणखी एक गैरसमज असा, की अंगठा तळव्यापासून सुटा होतो तिथेच सुरू होतो. त्याचा खरा सांधा त्याहून खूप मागे, मनगटालगत आहे. हा सांधा खोगिराच्या आकाराचा असतो, त्यामुळे अंगठा जवळपास सगळ्या दिशांना फिरतो. दुसऱ्या हाताचे बोट मनगटाजवळ त्या जागी ठेवून अंगठा फिरवून पाहा, हाड हललेले कळेल. हालचाल तिथून झाली तर अंगठा मोकळा राहतो. टोकाच्या पेरातून झाली तर तो आकड्यासारखा वाकतो आणि अडकतो. पट्टीला त्याची नखाशेजारची कड लागली पाहिजे. पूर्ण लांबी पट्टीवर लोळत असेल तर मनगट खाली पडले आहे असे समजावे.

## अंगठ्याला उशिरा मिळालेला मान

आज स्केल म्हणजे अंगठा खालून नेणे हे गृहीत धरले जाते. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या युरोपात तसे नव्हते. तेव्हाचे वादक उजव्या हाताने चढताना बहुधा ३-४-३-४ अशी बोटे वापरत, म्हणजे मधले बोट अनामिकेवरून पुढे टाकत. योहान सेबास्टियन बाखने आपल्या थोरल्या मुलासाठी १७२० मध्ये एक शिकवणीची वही सुरू केली. तिच्या सुरुवातीलाच बोटे लिहून दिलेला एक छोटा तुकडा आहे आणि त्यात उजव्या हाताला हीच जुनी ३-४ ची जोडी दिसते. ती पद्धत अडाणी मुळीच नव्हती. त्या वाद्यांच्या पट्ट्या हलक्या होत्या, संगीत दोन-दोन स्वरांच्या छोट्या उच्चारांत बोलत असे आणि त्याला ती बोटे शोभत.

मग बदल का झाला? संगीत काळ्या पट्ट्यांच्या दाट जंगलात शिरले म्हणून. बाखच्याच ‘वेल-टेम्पर्ड क्लॅव्हियर’च्या १७२२ च्या पहिल्या भागात सगळ्या चोवीस मेजर-मायनर स्केलांमधल्या रचना आहेत. पाच-सहा शार्प असलेल्या ओळी ३-४ च्या जोडीने ओढत नेणे कठीण. बाखचा दुसरा मुलगा कार्ल फिलिप इमॅन्युएल बाख बर्लिनला फ्रेडरिक राजाच्या दरबारात वादक होता. त्याने १७५३ मध्ये कळफलकाची वाद्ये वाजवण्यावर एक ग्रंथ काढला. त्यात तो वडिलांची आठवण सांगतो. तरुणपणी त्यांनी ऐकलेले मोठमोठे वादक बोटे फार ताणावी लागली तरच अंगठ्याला हात घालत. या ग्रंथाने अंगठ्याला बोटांच्या मांडणीचा मुख्य आधार केले.

हा ग्रंथ पुढच्या पिढ्यांपर्यंत कसा पोचला याची एक साखळी सापडते. कार्ल चेर्नी साधारण दहा वर्षांचा असताना बीथोव्हेनकडे शिकायला गेला, तेव्हा बीथोव्हेनने त्याला हेच पुस्तक आणायला लावले. सुरुवातीच्या धड्यांत सगळ्या स्केलांचा सराव आणि त्यात विशेष करून अंगठ्याचा वापर होता, असे चेर्नीने पुढे आठवणींत लिहिले आहे. त्या काळी बहुतेक वादकांना तो वापर ठाऊक नव्हता, असेही तो नोंदवतो. नंतर चेर्नीने एत्यूदांचे ढीग लिहिले आणि फ्रान्झ लिस्टला शिकवले.

## आधी सी मेजर की बी मेजर

मुंबई-पुण्यातल्या शिकवण्यांत काय किंवा गोव्यातल्या घरांत काय, पहिले स्केल म्हणजे सी मेजर. त्यात एकही काळी पट्टी नाही, वाचायला सोपे, मुलाला पटकन कळते. शोपँला हे मान्य नव्हते. त्याने पियानो शिकवण्यावर एक पुस्तक लिहायला घेतले होते, ते अर्धेच राहिले. त्याच्या टिपणांतला मुद्दा असा, की सी मेजर डोळ्यांना सगळ्यात सोपे आणि हाताला सगळ्यात अवघड, कारण हाताला टेकू द्यायला त्यात काहीच नाही. तो विद्यार्थ्यांचा हात आधी ई, एफ शार्प, जी शार्प, ए शार्प, बी या पाच पट्ट्यांवर ठेवायला लावी. लांब बोटे उंच काळ्या पट्ट्यांवर, आखूड अंगठा आणि करंगळी खालच्या पांढऱ्या पट्ट्यांवर. स्केलांत पहिले बी मेजर, सी मेजर सगळ्यात शेवटी.

बी मेजर उजव्या हाताने चढून पाहा: बी वर १, सी शार्प २, डी शार्प ३, ई वर १, मग एफ शार्प २, जी शार्प ३, ए शार्प ४ आणि पुन्हा बी वर १. पाचही काळ्या पट्ट्या लांब बोटांना मिळाल्या, दोन्ही पांढऱ्या अंगठ्याला. काळी पट्टी पांढरीपेक्षा साधारण १२ मिलिमीटर उंच असते. त्या उंचीमुळे तळव्याखाली जागा होते आणि अंगठा तिथून न घासता पार होतो. सी मेजरमध्ये सगळी बोटे एकाच पातळीवर, म्हणून अंगठ्याला वाट काढावी लागते.

मी शोपँच्या बाजूने आहे. वाचन सी मेजरमध्ये शिकवा, पण अंगठा बी मेजरमध्ये शिकवा. मुलांना त्या काळ्या पट्ट्यांची धास्ती वाटत नाही, ती मोठ्यांना वाटते. ज्याच्या घरी ‘काळी एक’, ‘काळी चार’ हे पेटीवाल्यांचे शब्द ऐकू येत असतील त्याला तर मुळीच वाटू नये.

बोटे पाठ करायला एक सोय सांगून ठेवतो. एफ मेजरपासून जी फ्लॅट मेजरपर्यंतच्या सगळ्या फ्लॅट स्केलांत उजव्या हाताचे चौथे बोट बी फ्लॅटवरच येते आणि अंगठे एफ आणि सी वर (जी फ्लॅटमध्ये सी च्या जागी सी फ्लॅट). एवढे लक्षात राहिले की सहा स्केलांची बोटे वेगवेगळी घोकावी लागत नाहीत.

## अंगठा निघतो कधी

सी मेजर उजव्या हाताने चढताना बोटे अशी: १-२-३, १-२-३-४ आणि पुन्हा १. सप्तकात अंगठा दोनदा पुढे जातो, एकदा तिसऱ्या बोटाखालून आणि एकदा चौथ्या बोटाखालून.

आता थोडे गणित करू. मेट्रोनोम १२० वर ठेवून प्रत्येक ठोक्याला चार स्वर वाजवले तर सेकंदाला आठ स्वर होतात, म्हणजे प्रत्येक स्वराला सेकंदाचा आठवा भाग. अंगठा सी वर वाजला आणि पुढे एफ वर वाजायचा आहे, मधे तीन स्वरांचा वेळ आहे. पांढरी पट्टी साधारण २३.५ मिलिमीटर रुंद, म्हणजे अंतर सुमारे ७ सेंटिमीटर. दुसरे बोट डी वर पडताक्षणी अंगठा निघाला तर त्याला दोन स्वरांचा, म्हणजे पाव सेकंदाचा अवधी मिळतो. तो बाहेर रेंगाळला आणि तिसरे बोट ई वर वाजल्यावर जागा झाला, तर तेच अंतर त्याला निम्म्या वेळात कापावे लागते. धक्का तिथून येतो. बहुतेकांच्या अंगठ्यात कमजोरी वगैरे काही नसते, तो उशिरा निघतो एवढेच.

म्हणून संथ सरावात पाहायचे ते हे: २ वाजला की अंगठा हलू लागला का? आणि ३ वाजत असताना तो एफ च्या वर, पट्टीला जवळजवळ टेकून, वाट पाहतो आहे का? संथ वाजवताना वेळ भरपूर असतो, म्हणून आळशी अंगठा लपून जातो. वेग वाढवला की उघडा पडतो.

त्याच वेळी मनगट ते कोपर हा भाग पट्ट्यांच्या कडेने सरळ, एकसारखा सरकत राहायला हवा, रुळावरून जाणाऱ्या ट्रॉलीसारखा. हात थांबतो, अंगठा आत खुपसला जातो, मग हात झटक्यात पुढे जातो, असे होत असेल तर दोष अंगठ्यात शोधू नये. उजव्या हाताने चढताना मनगट बोटांच्या किंचित पुढे, उजवीकडे असू द्यावे, म्हणजे बोटांची टोके जराशी डावीकडे वळतात आणि अंगठ्याला जायचे अंतर कमी होते. किंचित म्हणजे किंचितच. कोपर कोंबडीच्या पंखासारखे वर उचलणे म्हणजे अंगठ्याचे काम खांद्यावर टाकणे.

## जड अंगठा

अंगठा रुंद आणि आखूड असतो आणि हाताचे वजन थेट त्याच्या मागे येते. त्यामुळे तो सहज दणका देतो. सी मेजर चढताना एफ आणि सी मोठे ऐकू आले की ऐकणाऱ्याला स्केलऐवजी तीन आणि चार स्वरांचे गठ्ठे ऐकू येतात.

पेटीवरून पियानोकडे येणाऱ्यांनी हा भाग विशेष लक्ष देऊन वाचावा. पेटीत आवाजाची मात्रा भाता ठरवतो. पट्टी अंगठ्याने दाबली की तर्जनीने, जोरात की हळू, सुरी तितक्याच हवेने वाजते. पियानोत पट्टी किती वेगाने खाली गेली त्यावर हातोडा तारेवर किती जोरात आदळेल हे ठरते. त्यामुळे पेटीवर तरबेज झालेला हातही पियानोवर आल्यावर असमान ऐकू येतो आणि वादकाला त्याचे नवल वाटते. स्वस्त इलेक्ट्रॉनिक कीबोर्डचेही तेच. त्यातल्या पुष्कळांना दाबाचा फरक कळत नाही, जड अंगठा झाकला जातो आणि नंतर खऱ्या पियानोपुढे बसल्यावर समोर येतो. कीबोर्ड घेतानाच स्पर्शाला दाद देणारा आहे का ते विचारा.

उपाय कानाचा आहे, बोटाचा कमी. चार सप्तके चार-चार स्वरांच्या गटांत वाजवा आणि प्रत्येक गटाच्या पहिल्या स्वरावर हलका भर द्या. सी मेजरमध्ये तो भर क्रमाने सी, जी, डी, ए, ई, बी, एफ आणि शेवटच्या सी वर येतो. बोटे अनुक्रमे १, २, २, ३, ३, ४, १, ५. म्हणजे अंगठ्याला भर फक्त दोनदा मिळतो, बाकी सगळ्या वेळी त्याला गप्प राहावे लागते. भरांचे ते स्वर एकेका पंचमाच्या अंतराने पुढे जातात, हा आकड्यांचा गमतीदार योगायोग. फोनवर रेकॉर्ड करून, पट्ट्यांकडे न पाहता ऐकले की अंगठा कुठे बोलला ते लगेच कळते.

## उतरताना

उजव्या हाताने उतरताना आणि डाव्या हाताने चढताना चित्र उलटे होते. अंगठा पट्टीवर असतो आणि तिसरे किंवा चौथे बोट त्याच्यावरून पलीकडे जाते. हे बहुतेकांना सोपे वाटते. इथला दोष वेगळा: अंगठा पट्टी सोडत नाही. त्याला बिजागरी समजून सगळा हात त्याच्यावर वळवला जातो, पट्टी दाबलेली राहते आणि दोन स्वर एकमेकांत मिसळतात. वरचे बोट वाजले की अंगठा सुटलाच पाहिजे.

## आर्पेजिओ आणि वेग

सी मेजरचा आर्पेजिओ उजव्या हाताने सी १, ई २, जी ३ आणि मग पुन्हा सी १. स्केलमध्ये तिसऱ्या बोटाच्या शेजारची पट्टी अंगठ्याला घ्यायची होती. इथे जी पासून वरचा सी तीन पट्ट्या दूर, म्हणजे पुन्हा ७ सेंटिमीटर, आणि हे अंतर बोटाच्या पलीकडे जाऊन गाठायचे. हात जागेवर ठेवून अंगठ्याने ते गाठायचा हट्ट धरला तर मनगट पिळवटते. हॅनॉनच्या १८७३ च्या व्यायामांत ३२ पासून ३६ पर्यंतचे अंगठा खालून नेण्यावरच आहेत आणि ते वाजवायला हरकत नाही. पण तळवा स्थिर ठेवून फक्त अंगठा ताणायचा, अशा समजुतीने ते तासन्‌तास घोटणारे बरेच दिसतात. त्यात फायद्यापेक्षा तोटा जास्त.

वेगात वाजवताना अंगठा खालून न्यायचा की नाही, यावर शिक्षकांत जुना वाद आहे. एका पक्षाचे म्हणणे, अतिवेगात अंगठा तळव्याखाली जात नाहीच. बोटांचा एक गट वाजला की सगळा हातच पुढच्या जागी सरकतो आणि अंगठा इतर बोटांसारखा वरून खाली येतो. जॉर्जी शांडोरने १९८१ च्या आपल्या पुस्तकात अंगठ्याला आत ताणण्याऐवजी हात आणि मनगट जुळवून घेण्यावर भर दिला. ऑटो ऑर्टमनने तर १९२९ मध्येच, वादकांच्या हालचाली प्रयोगशाळेत मोजून, संथ आणि जलद वाजवण्यातल्या हालचाली एकसारख्या नसतात हे दाखवले होते. दुसरा पक्ष म्हणतो, सलग जोडलेला स्वर हवा तर अंगठा खालून आलाच पाहिजे.

वाद वाटतो तेवढा मोठा नाही. संथ, गाणाऱ्या ओळीत अंगठा खाली तयार राहतो. जसजसा वेग वाढतो तसतसा त्याचा आत जाण्याचा वाटा कमी होतो आणि हाताच्या सरकण्याचा वाढतो. जलद आर्पेजिओत दोन स्वरांमधली बारीक फट कानाला कळत नाही, पेडल असेल तर नाहीच नाही. शिकताना मात्र क्रम उलटा करू नये. आधी संथ आणि जोडून, मग हळूहळू मोकळे.

## अंगठा गातो तेव्हा

एवढा वेळ अंगठ्याला गप्प बसवले, पण त्याच्या जडपणाचा एकोणिसाव्या शतकाने उपयोगही करून घेतला. सिगिसमोंड थालबर्ग हा वादक मधल्या सप्तकांतली चाल दोन्ही अंगठ्यांत वाटून घेई आणि भोवती आर्पेजिओंची जाळी विणत राही. लोकांना तीन हात वाजवत असल्याचा भास होई. रोसिनीच्या ‘मोझेस’ ऑपेरावरची त्याची फँटसी त्यासाठी गाजली. ३१ मार्च १८३७ रोजी पॅरिसमध्ये राजकन्या बेलजोयोसोच्या दिवाणखान्यात तो आणि लिस्ट समोरासमोर वाजवायला बसले, ती मैफल अजून चर्चेत असते. लिस्टने ती युक्ती उचलली. त्याच्या तिसऱ्या ‘लीबेस्ट्राउम’ची चाल सुरुवातीला मधल्या सप्तकांतच, अंगठ्यांच्या हाती आहे. शूमनच्या एफ शार्प मेजरमधल्या रोमान्समध्येही दोन्ही अंगठे मिळून गातात. अशा ठिकाणी अंगठा ताठ असेल तर चाल ठोकल्यासारखी वाजते. त्याचे वजन पट्टीत हळू उतरावे लागते.

काळ्या पट्टीवर अंगठा ठेवू नये असा जो नियम शिकवतात, तोही स्केलपुरता आहे. शोपँच्या १८३३ मध्ये छापलेल्या ओपस १० मधल्या पाचव्या एत्यूदमध्ये उजव्या हाताला जवळजवळ सगळ्या काळ्याच पट्ट्या आहेत. तिथे अंगठा काळ्यावर जाणारच.

## दुखत असेल तर

मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला, अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागले, बाटलीचे झाकण फिरवताना किंवा अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे वळवताना कळ आली, तर ते द कर्व्हेंचे दुखणे असू शकते. स्विस शल्यविशारद फ्रिट्झ द कर्व्हें यांनी १८९५ मध्ये त्याचे वर्णन केले. अंगठा बाजूला नेणाऱ्या दोन स्नायुरज्जूंचे आवरण जाड होते आणि त्यातून सरकताना त्या घासतात. पियानोखेरीज इतर कामांनीही ते होते आणि आता त्यात फोनवर अंगठ्याने टाइप करण्याची भर पडली आहे. अशा वेळी ‘सरावाने जाईल’ म्हणून हॅनॉन लावून बसू नका. त्या दिवशी पियानोचे झाकण लावा, विश्रांतीनेही दुखणे कमी झाले नाही तर हाडांच्या डॉक्टरांना हात दाखवा, आणि पुन्हा सुरुवात कराल तेव्हा बी मेजरपासून, संथ लयीत करा.